मार्व्हल, केट

अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ. दुष्काळ, पाऊस आणि ढगांवर माणसामुळे किती परिणाम झाला हा त्यांचा अभ्यासविषय. केंब्रिजमधून थिअरॉटिकल फिजिक्समध्ये पीएचडी, मग हवामानाकडे वळल्या, कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबमध्ये काम केलं, पुढे न्यूयॉर्कला नासाची गोडार्ड संस्था आणि कोलंबिया विद्यापीठ.

दुष्काळात माणसाचा हात शोधणारा त्यांचा २०१९ चा 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकातला पेपर समजायचा तर आधी दुष्काळ मोजायचा कसा हा वाद बघावा लागतो. अमेरिकन हवामानतज्ज्ञ वेन पामर यांनी १९६५ मध्ये एक निर्देशांक मांडला, पाऊस किती आला आणि बाष्पीभवनात किती जाऊ शकतं याचा हिशोब घालून जमिनीतला ओलावा काढायचा, निर्देशांक उणे ४ च्या खाली गेला की अतितीव्र दुष्काळ. भांडण बाष्पीभवनावरून आहे. थॉर्नथ्वेटच्या पद्धतीत ते फक्त तापमानावरून काढतात, त्यामुळे उष्णता वाढली की कागदावर दुष्काळही फुगतो असं संशोधक जस्टिन शेफिल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. वारा, आर्द्रता आणि ऊन धरणारी पेनमन-माँटीथ पद्धत वापरली तर त्याआधीच्या ६० वर्षांत जगभरात दुष्काळात फारसा फरक नाही असं त्यांचं म्हणणं. दुसरे हवामानशास्त्रज्ञ ऐगुओ दाई यांना मात्र कोरडेपणा वाढलेलाच दिसला. २०१४ मध्ये हवामानशास्त्रज्ञ केविन ट्रेनबर्थ वगैरेंनी म्हटलं की निष्कर्षांतला हा फरक बराचसा पावसाचा कुठला डेटा घेतला आणि तुलनेसाठी कुठली वर्षं धरली यातून येतो, आणि हेच जास्त पटण्यासारखं आहे.

मार्व्हल आणि सहकाऱ्यांनी जागतिक सरासरीपेक्षा नकाशावरच्या पॅटर्नवर भर दिला. हरितगृह वायूंमुळे कुठे कोरडं, कुठे ओलं होईल हे हवामानाच्या संगणकीय मॉडेलमधून काढलं आणि तोच ठसा झाडांच्या वर्षवलयांवरून (खोडात दरवर्षी पडणारी कडी, कोरड्या वर्षी ती अरुंद) केलेल्या दुष्काळ-नकाशांत शोधला. १९०० ते १९४९ मध्ये तो स्पष्ट सापडला, १९५० ते १९७५ च्या सुमारास पुसट झाला (बहुधा कारखान्यांच्या धुरातल्या सूक्ष्म कणांमुळे) आणि १९८१ नंतर परत दिसायला लागला, पण पहिल्याइतका ठळक नाही.

या ठशात उत्तर अमेरिका, भूमध्य भाग कोरडे होतात तर भारतीय उपखंड ओला. म्हणून आपल्याकडे दुष्काळ कमी होणार असा अर्थ कुणी काढू नये, हे दीर्घकाळाचं मोठ्या भूभागाचं चित्र आहे, २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते त्यात दिसणार नाही. मान्सून आशियाचा वर्षवलयांचा नकाशा एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केला होता, त्यात १८७६-७८ चा, दख्खनलाही बसलेला महादुष्काळ दिसतो.

लोकांशी बोलणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग. २०१७ मध्ये ढगांवर टेड व्याख्यान, 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये स्तंभ. हवामान बदलाला तोंड द्यायला आशेपेक्षा धैर्य लागतं ही त्यांची भूमिका बरीच गाजली, आणि आकडेवारीबरोबर शास्त्रज्ञाचं दुःख, राग उघड बोलणं हे त्यांनी सातत्याने केलंय. अमेरिकेच्या २०२३ च्या पाचव्या राष्ट्रीय हवामान मूल्यांकनात हवामानाच्या कलांवरच्या प्रकरणाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. 'ह्यूमन नेचर' हे पुस्तक २०२५ मध्ये आलं.