हरिहरच्या पायऱ्यांवर पाय का लटपटतात?

पायथ्याच्या निरगुडपाड्याहून नाशिक जिल्ह्यातल्या हरिहरगडाची चढण गप्पा मारत संपवणारी माणसंही कातळात खोदलेल्या पायऱ्या समोर आल्या की गप्प होतात. चढ जवळपास ८० अंशांचा, म्हणजे शिडीच म्हणा. इथे पाय लटपटले की लोक 'भित्रा' म्हणतात. खरं तर घोळ डोळ्यांचा असतो.

उभं असताना आपलं शरीर सतत थोडं डुलत असतं. जवळचं झाड किंवा भिंत नजरेत किंचित सरकली की मेंदूला ते कळतं आणि तोल सावरला जातो. कड्यावर नजर दरीत गेली, तर तिथलं शेत इतकं लांब असतं की त्याचं सरकणं डोळ्यांना टिपताच येत नाही. आतला कान आणि तळपाय डुलल्याचं सांगतात, डोळे साथ देत नाहीत. मग छाती धडधडते, तळहात घामेजतात.

म्हणून नजर हातभर अंतरावरच्या पायरीवर ठेवा. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी खोबणी आहेत. त्यांत बोटं घाला. बोटांच्या हलक्या स्पर्शानेही डुलणं कमी होतं. दोन हात, दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत, त्यामुळे मोबाइल खिशात आणि पाण्याची बाटली सॅकमध्ये. शिलाई मशीनसारखा पाय थरथरू लागला, तर भार चवड्यावर आलाय असं समजा. टाच टेकवा, ४ सेकंद श्वास घ्या, ६ सेकंद सोडा.

उंचीची भीती असेल, तर थेट हरिहर नको. आधी नाशिकची पांडवलेणी, मग जवळचा रामशेज किल्ला. सुरक्षित जागी, कड्यापासून चार पावलं मागे थांबा आणि भीतीला १० पैकी गुण द्या. ८ वरून ४ वर येईपर्यंत तिथेच राहा. ८ वर असताना परतलात, तर 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच मेंदू शिकतो. मागून ढकलणारा उत्साही मित्र तर घरीच बरा! चक्कर, फिट किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पावसाळ्यातला रविवार टाळा. ओल्या, शेवाळलेल्या पायरीवर गर्दीमुळे मध्येच अडकून उभं राहणं फार वाईट. उतरताना दरीकडे पाठ, तोंड कातळाकडे. एक पाय खालच्या पायरीवर नीट टेकला की मगच वरचा हात सोडा.