घरगुती बोटीच्या हलचं डिझाइन

हल म्हणजे बोटीचा तळ आणि बाजू मिळून होणारं मुख्य अंग, ज्याच्यावर बोट तरंगते. घरी बोट बांधणारे बरेच जण आधी आकार काढतात आणि वजनाचं नंतर बघू म्हणतात, पण करायला हवं उलटं, सगळ्यात आधी वजनाची यादी. समजा बोट ६० किलो, दोन माणसं १५०, वल्ही-नांगर-सामान ४०, झाले २५० किलो. म्हणजे गोड्या पाण्यात २५० लिटर पाणी बाजूला सारलं जाईपर्यंत बोट खाली बसणार (समुद्राचं पाणी जड, तिथे किंचित वर राहील) आणि वॉटरलाइन, म्हणजे बोटीवर पाणी जिथवर येतं ती रेषा, तिथेच धरून चालायचं. त्या रेषेवर बोटीचं क्षेत्रफळ ३ चौरस मीटर असेल तर दर ३० किलोला ती साधारण १ सेंटीमीटर खाली जाते, त्यामुळे ऐनवेळी तिसरा माणूस चढला तर काठ पाण्यापासून किती वर राहील हे कागदावरच कळतं.

रुंदी मात्र फार विचार करून ठरवावी. वॉटरलाइनवरची रुंदी १० टक्के वाढवली की आकारामुळे मिळणारी स्थिरता जवळपास एक तृतीयांशाने वाढते, कारण हिशोब रुंदीच्या घनाचा आहे, पण तीच बोट वल्हवायला जड जाते.

प्लायवूड एकाच दिशेला वाकतं, एकाच वेळी दोन्हीकडे नाही, म्हणून घरगुती हलला बहुतेकदा गोलाईऐवजी कडा असतात, ज्यांना चाइन म्हणतात. पट्ट्या तारेने शिवून सांधे रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) आणि फायबरग्लास टेपने पक्के करायची पद्धत १९६०च्या दशकात ब्रिटनच्या मिरर डिंगी या छोट्या शिडाच्या बोटीमुळे खूप पसरली, आणि नवख्या माणसासाठी आजही तीच सगळ्यात सोयीची.

ड्रॉइंग बाजूने, वरून आणि आडव्या छेदात असं तीन प्रकारे काढतात आणि तिन्हीकडची मापं जुळावी लागतात. मग हीच मापं जमिनीवर पूर्ण आकारात आखून त्या खुणांवर खिळे ठोकून त्यांना लवचिक लाकडी पट्टी टेकवायची, डोळा जमिनीलगत नेऊन तिच्या कडेने बघायचं, कुठे फुगवटा दिसला तर तिथला खिळा काढून पट्टीला स्वतःहून बसू द्यायचं आणि नवं माप लिहून घ्यायचं.

लाकूड कापायच्या आधी १:१० मापाचं मॉडेल करावंच. लांबी दहापट कमी म्हणजे वजन हजारपट कमी, तेव्हा मॉडेल धरून एकूण २५० ग्रॅम भरायचे, माणसं जिथे बसणार तिथेच वजनं ठेवायची आणि टबात सोडायचं. नाक खाली गेलं तर बसायची फळी मागे घ्या.