पवईचा तांबूस उजेड : पार्श्वभूमी

पवई तलाव १८९१ सालचा. मुंबईला पाणी पुरवायला बांधला, पण ते पिण्याजोगं निघालं नाही आणि तलाव नुसता बघण्यापुरता उरला. बघण्यापुरता म्हणावं तर त्या काळच्या कॅमेऱ्याला त्याचे रंग दिसतच नव्हते. तेव्हाच्या सर्वसाधारण काचप्लेटा निळ्या उजेडाला हळव्या आणि लालाला जवळपास आंधळ्या. निळं आकाश कोरं पांढरं यायचं, तांबडं आकाश काळवंडायचं. संध्याकाळचा रंगीत तलाव हा फोटोचा विषयच नव्हता.

कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ साली आली. मात्र आज ज्या भडक केशरी-जांभळ्या पाण्याला आपण ‘वा’ म्हणतो, ती आवड मला तरी १९९० नंतरची वाटते, व्हेल्विया ही गडद रंगांची स्लाइड फिल्म आल्यानंतरची. तिचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, अवघी ५०, त्यामुळे सूर्य गेल्यावर दोन-चार सेकंद शटर उघडं ठेवणं आलंच. त्यापुढे स्लाइड हिरवट व्हायची, म्हणून काहीजण फिकट मॅजेंटा (किरमिजी) फिल्टर लावत. अर्धा स्टॉप, म्हणजे उजेडाचं माप जरासं, चुकलं की आकाश धुतलं जायचं. छत्तीस फ्रेम संपल्या की खेळ खलास, आणि काय मिळालं ते लॅबमधून पाकीट आल्यावर. त्या शिस्तीची सर पुढे कशालाच आली नाही, हे माझं मत. पक्षपाती म्हणा हवं तर.

याच सुमारास मावळतीआधीच्या सोनेरी उजेडासाठी ‘गोल्डन अवर’ हा शब्द आपल्याकडे रुजला, आणि घोळ इथून सुरू झाला. अवर म्हणजे तास, पण मुंबईत तास मिळतो कुठे? सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आला की रंग चढायला लागतो, असं साधारण धरतात. मार्चमध्ये लंडनला तिथून मावळायला चाळीसेक मिनिटं लागतात. मुंबई विषुववृत्ताच्या जवळ, सूर्य जवळजवळ उभा खाली जातो, त्यामुळे पंचविसेक मिनिटांत सगळं आटोपतं. पुस्तकातला तास धरून निवांत चहा पीत बसलेला माणूस पवईला हमखास फसतो. काहीजण मावळतीनंतरचा उजेडही त्याच नावात कोंबतात. वास्तविक तो निराळा, थंड आणि सावल्या नसलेला. आपल्याकडे तांबडं फुटणं, झुंजूमुंजू, कातरवेळ, दिवेलागण असे वेगवेगळे शब्द असताना एकाच उसन्या शब्दात सगळं का भरावं?

दुसरा गैरसमज धुळीचा. धूळ जास्त तर रंग जास्त, असं तलावाच्या कठड्यावर सर्रास ऐकू येतं. उलट आहे. जाडसर कण सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या धुरकट संध्याकाळी सूर्य पिवळट टिकलीसारखा दिसतो आणि मधेच विरून जातो. पावसाने उघडीप दिलेल्या सप्टेंबरात, वर ढग आणि पश्चिमेला फट असली की खरी मजा.

डिजिटलने वाट पाहणं संपवलं आणि नवी खोड लावली. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून रंग सावरणं, तांबूसपणाला दोष समजून पुसून टाकतो. तेच ‘डेलाइट’ या सेटिंगवर ठेवलं की तांबूसपणा टिकतो. मोबाइल तर पाच-सहा फ्रेम जोडून काठावरचं अंधारलेलं झाडही उजळून दाखवतो, जे डोळ्याला दिसलेलंच नसतं.

दरम्यान तलावही बदलला. काठाने सायकल मार्ग करायचं ठरलं, भराव पडला, विरोध झाला, आणि २०२२ साली न्यायालयाने काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करायला सांगितलं. जलपर्णी मात्र पसरत राहते, आणि जिथे ती दाटते तिथे आकाश कितीही पेटलं तरी पाण्यात काहीच उतरत नाही.