कोय वाळली की मेली

आंब्यांची शेवटची पेटी संपली की आमच्या स्वयंपाकघरात कोयींचा ढीग उरतो. (कोकणातले नातेवाईक त्यांना बाठे म्हणतात, आणि ‘कोय’ म्हणणाऱ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघतात.) पहिल्या वर्षी मी त्या धुतल्या, गच्चीत कडकडीत उन्हात वाळवल्या आणि कागदी पिशवीत भरून ठेवल्या. भेंडीच्या, झेंडूच्या बिया आपण अशाच तर ठेवतो. जुलैत सवड मिळाल्यावर बारा कोयी पेरल्या. एकही उगवली नाही. माती बरी होती, पाणीही बरं होतं. मी त्या उन्हात ठेवल्या तिथेच त्या मेल्या होत्या.

१९७३ साली रॉबर्ट्स या ब्रिटिश बीजशास्त्रज्ञाने बियांचे दोन गट केले. एकाला त्याने ‘ऑर्थोडॉक्स’ म्हटलं, दुसऱ्याला ‘रिकॅल्सिट्रंट’. आपण त्यांना सनातनी आणि हट्टी म्हणू. गहू, भेंडी, झेंडू हे सनातनी. यांचं बी झाडावरच वाळायला लागतं. पेशींत विशिष्ट साखरा आणि प्रथिनं साठतात, पाणी जाईल तसा आतला रस घट्ट होत होत काचेसारखा गोठतो आणि पेशींचे सगळे व्यवहार जवळजवळ बंद पडतात. असं बी वर्षानुवर्षं पडून राहू शकतं. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यावर सापडलेलं खजुराचं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं बी २००५ साली पेरलं आणि ते चक्क उगवलं.

आंबा, फणस, लिची, अव्होकाडो, कोको हे हट्टी गटातले. यांच्या बीने दुकान बंद करायचं शिकलेलंच नाही. फळ पिकतं तेव्हाही आतल्या पेशी जाग्या असतात, श्वसन चालू असतं, वजनाचा मोठा वाटा पाण्याचा असतो. ते पाणी गेलं की पेशींची पटलं फाटतात, आणि नंतर कितीही भिजवा, ती सांधली जात नाहीत. फ्रिजचाही उपयोग नाही, कारण थंडीनेही हे बी दुखावतं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटसमूहावर उणे १८ अंशांत जगभरच्या पिकांचं बियाणं राखून ठेवलं आहे, पण तिथे आंब्याची कोय ठेवून काही साधणार नाही. आंब्याच्या जाती टिकवायच्या तर झाडं लावून बागच राखावी लागते.

एवढं नाजूक बी निसर्गात टिकलं कसं? मला वाटतं, उत्तर आपल्या कॅलेंडरात आहे. आंबा, फणस, जांभूळ ही आपली हट्टी बियांची फळं पिकतात मे-जूनमध्ये. फळ खाली पडतं आणि चार दिवसांत पाऊस येतो. थांबायची वेळच येत नाही, मग थांबायची तयारी कशाला करायची? उलट सीताफळ पिकतं गणपती-दिवाळीच्या सुमारास. पुढे आठ महिने कोरडे. त्याचं बी काळं, टणक आणि निवांत असतं. सगळीच झाडं हा नियम पाळत नाहीत, सीताफळ तर मुळात अमेरिका खंडातून आलेलं, पण कुठलं बी कसं हाताळायचं याचा अंदाज फळाच्या मोसमावरून बराच लागतो.

तर आंबा खाल्ल्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी कोय हातात घ्यावी. धुऊन, टरफलाची कड कात्रीने कापून आतलं बी बाहेर काढायचं. टरफलासकट पेरलं तरी उगवतं, पण वेळ लागतो आणि आत काय आहे ते कळत नाही. कधी कधी आत काळा भुंगा बसलेला असतो! बी पांढरट-हिरवट आणि टणक असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावं. श्रीखंडाचा डबा उत्तम, झाकण मात्र किंचित उघडं. आठ-पंधरा दिवसांत जाड मूळ दिसतं. मग ते खाली करून उंच कुंडीत लावायचं. पसरट कुंडी नको, कारण सोटमूळ सरळ खाली धावतं.

पहिली पानं येतील तेव्हा घाबरू नका. ती तांबूस, मऊ आणि मरगळल्यासारखी लोंबतात. माझ्या शेजारणीने ‘करपलंय’ म्हणून तिचं रोप उपटून टाकलं होतं. तो रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. हरितद्रव्य मागाहून भरतं, तोवर हा रंग कोवळ्या पानाचं उन्हापासून रक्षण करतो असं मानतात.

फणसाची आठळी याहून सोपी. कोकणात पावसाळ्यातल्या भाजीसाठी आठळ्या लाल मातीत घोळवून ठेवतात, म्हणजे त्या सुकत नाहीत. ‘रिकॅल्सिट्रंट’ हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी आज्यांनी हे गणित सोडवलं होतं. आठळी कुंडीत थेट लावावी, नंतर हलवलेलं तिला आवडत नाही. घरात मंद उजेडात फणसाचं रोप आंब्यापेक्षा बरं तगतं. दाट सावलीत वाढायची त्याला लहानपणी सवय असते, आणि पोटाला मोठ्या बीची शिदोरी असते. लिचीचं बी सोलल्यावर चार-पाच दिवसांत कामातून जातं. अव्होकाडो महिना-दीड महिना छळतो आणि मग एकदम उसळतो. पपईच्या बियांभोवतीची बुळबुळीत पिशवी चोळून काढावी, तिच्यात उगवण रोखणारी द्रव्यं असतात.

आता सगळ्यांचा प्रश्न: हापूसच्या कोयीतून हापूस येईल का? नाही. हापूसच्या बीत एकच गर्भ असतो आणि त्यात परागकण देणाऱ्या झाडाचा वाटा असतो. जे उगवेल तो रायवळ. म्हणून तर हापूसची कलमं करतात. पण केरळातल्या ओळूरसारख्या काही जातींच्या एका कोयीतून तीन-चार कोंब येतात, आणि त्यातले बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. ते परागाच्या वाट्याशिवाय, बीजांडाच्या आईकडच्या पेशींतून तयार होतात. जंबेरी या जाड सालीच्या लिंबातही हेच घडतं, त्यामुळे तिची रोपं एकसारखी निघतात आणि विदर्भात संत्र्याचा डोळा भरायला खुंट म्हणून कामी येतात.

अमेरिकेतल्या भाच्याने मागच्या वर्षी विचारलं, तिकडे मिळालेल्या हापूसची कोय रुजेल का. २००७ पासून तिकडे जाणाऱ्या भारतीय आंब्यांना आधी गॅमा किरणांचा डोस देतात, लासलगावचं केंद्र त्यासाठीच मान्यता मिळालेलं. उद्देश फळमाशी आणि कोयीतला तो भुंगा वांझ करण्याचा, पण वाढत्या पेशींचा डीएनए किरणांच्या तडाख्यातून सुटत नाही. फार आशा ठेवू नकोस, असं त्याला कळवलं. तरी त्याने कोय फडक्यात गुंडाळलीच.