राबणाऱ्या हृदयाला उसंत कधी?

दिवसभर जिने चढायचे, फरशा पुसायच्या, भरलेल्या बादल्या उचलायच्या. अशा माणसाला वेगळा व्यायाम कशाला हवा? सफाई कामगारांबद्दल हे सर्रास बोललं जातं, आणि त्याला आधारही आहे. 1953 साली ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसचालकांची आणि वाहकांची तुलना केली, तेव्हा दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसच्या जिन्यांवर वर-खाली करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. हालचाल हृदयाला चांगली, हे तिथून रुजलं.

पण 2021 मध्ये कोपनहेगनच्या एक लाखाहून अधिक रहिवाशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात वेगळंच दिसलं. फावल्या वेळात भरपूर हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका कमी होता. कामावर अतिशय कष्ट करणाऱ्यांना मात्र तो बैठं काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे 35 टक्के जास्त.

असं का व्हावं? थोडं गणित करू. फरशी पुसताना शरीर स्वस्थ बसल्यापेक्षा साधारण साडेतीन पट ऊर्जा वापरतं. ज्याची कमाल क्षमता बारा पट आहे, त्याला हे काम क्षमतेच्या तीस टक्क्यांच्या आतच पडतं. पण वय वाढलेल्या, आधीच थकलेल्या कामगाराची क्षमता आठ पटच असेल, तर तेच काम चव्वेचाळीस टक्क्यांवर जातं. आठ तासांच्या पाळीत सरासरी एक तृतीयांशाच्या वर जाऊ नये, असा कार्यशरीरशास्त्राचा, म्हणजे कामाचा शरीरावर पडणारा भार अभ्यासणाऱ्या शास्त्राचा, ढोबळ नियम आहे. म्हणजे पोछा तोच, फरशी तीच, पण एका हृदयाला ते झेपतं आणि दुसरं तासन् तास ताणलेलं राहतं.

त्यात कामाची तऱ्हाही महत्त्वाची. हात वर करून काच पुसताना नाडी आणि रक्तदाब पायांच्या तेवढ्याच श्रमापेक्षा जास्त वाढतात. दांडा घट्ट धरून ठेवला की आवळलेले स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतात. बादली उचलताना श्वास रोखला तर रक्तदाब क्षणात उसळतो. पळायला जाणारा माणूस दमला की थांबतो. सफाई कामगाराला कधी थांबायचं ते बहुधा दुसराच कुणी ठरवतो, आणि मला यातला सर्वांत मोठा फरक हाच वाटतो.

मग कामगारांनाच व्यायाम करायला लावला तर? डेन्मार्कमध्ये 116 सफाई कामगारांवर हा प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाने आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असा चार महिने दम लागेल इतका व्यायाम केला. दमसास सुधारला, पण दिवसरात्र मोजलेला वरचा रक्तदाब हा व्यायाम न केलेल्या दुसऱ्या गटाच्या तुलनेत साधारण साडेतीन अंकांनी वाढला. आधीच थकलेल्या शरीरावर आणखी भार पडला असावा.

या सगळ्यावर एकमत नाही. कष्टाची कामं करणाऱ्यांत गरिबी आणि धूम्रपानही जास्त असतं, आकडेवारीत ते पूर्णपणे वेगळं काढता येत नाही. नॉर्वेच्या एका मोठ्या अभ्यासात तर अंगमेहनतीचं काम करणारे पुरुष जास्त जगलेले दिसले. तरी काम म्हणजेच व्यायाम, असं धरून चालण्याइतकी गोष्ट सोपी राहिलेली नाही.

उपाय महागडे नाहीत. उंचीप्रमाणे लांब-आखूड होणारा दांडा, अर्धीच भरलेली किंवा चाकांवरची बादली, वरच्या आणि खालच्या कामांची अदलाबदल, मध्ये खरोखर बसता येईल अशी विश्रांती. व्यायाम हवाच, पण तो पाळीतला भार हलका करून, हळूहळू वाढवत. ब्लीच कधीही आम्लात किंवा अमोनियात मिसळू नये. त्यातून निघणारे वायू फुप्फुसांना इजा करतात आणि त्याचा ताण हृदयावरही येतो.

रक्तदाब नियमित तपासायला हवा, कारण तो वाढला तरी बहुतेकदा जाणवत नाही. जी पायरी महिनाभरापूर्वी सहज चढता येत होती तिथे आता धाप लागत असेल, छातीत, जबड्यात किंवा पाठीत आवळल्यासारखं होत असेल, विनाकारण मळमळ आणि घाम येत असेल, तर ‘कामाचा शीण’ म्हणून ते अंगावर काढू नये. त्रास थांबत नसेल तर पाळी संपण्याची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठावं.