गोधडी

गोधडी : जुनी लुगडी, धोतरे, चादरी यांचे थर एकावर एक रचून आणि हाताने धावदोरा घालून शिवलेले जाड पांघरूण किंवा अंथरूण. देशावर आणि मराठवाड्यात हिला वाकळ असेही म्हणतात. कापूस भरलेली दुलई, रजई किंवा लेप यांपासून गोधडी वेगळी धरावी. तिच्या पोटात कापूस नसतो, कापडच असते. घोंगडी लोकरीची आणि विणलेली, गोधडी सुती आणि शिवलेली. पासोडी हे जाड सुताचे दुपदरी वस्त्र होते; तिलाही सरसकट गोधडी म्हटले जाते, ते बरोबर नाही. (पुण्यातील पासोड्या विठोबाचे नाव देवळाजवळ पासोड्या विकत, त्यावरून पडले असे सांगतात. गोधडी मात्र अशी पेठेत विकायला येत नसे. ती घरची वस्तू होती.)

व्युत्पत्ती : ‘वाकळ’ या शब्दाबद्दल फारसा वाद नाही. संस्कृत ‘वल्कल’, प्राकृत ‘वक्कल’, मराठी ‘वाकळ’ असा हा क्रम आहे. जोडाक्षर सुटताना आधीचा स्वर दीर्घ होणे आणि दोन स्वरांमधल्या एकेरी ‘ल’चा ‘ळ’ होणे, हे दोन्ही मराठीचे नेहमीचे नियम त्यात दिसतात. झाडाच्या सालीचे वस्त्र, मग कोणतेही भरड वस्त्र, मग भरड पांघरूण असा अर्थाचा प्रवास झाला असावा.

‘गोधडी’चा प्रश्न अवघड आहे. हिंदीत गूदड (चिंध्या) आणि गुदडी, गुजरातीत गोदडुं आणि गोदडी असे शब्द आहेत. अर्थ तोच, घडणही तीच. शेवटचा ‘ड’ हा अपभ्रंशापासून (प्राकृतानंतरच्या भाषावस्थेपासून) चालत आलेला प्रत्यय असावा. फरक एका वर्णाचा आहे. शेजारच्या भाषांत ‘द’, मराठीत ‘ध’. हा फरक किरकोळ नाही, कारण मराठीची ओढ नेमकी उलट दिशेला आहे. हिंदीत हाथ, मराठीत हात. हिंदीत भूख, मराठीत भूक. शब्दाच्या मध्यावरचे किंवा शेवटचे महाप्राण (ख, थ, ध यांतला ‘ह’चा उच्चार) मराठी अनेकदा सोडून देते. मग इथेच तिने महाप्राण का धरून ठेवला?

दोन उत्तरे संभवतात. मूळ शब्दातच ‘ध’ होता आणि तो फक्त मराठीने जपला, हे एक. पण मग हिंदी आणि गुजराती या दोघींनी तो स्वतंत्रपणे गमावला असे मानावे लागते. दुसरे उत्तर असे की मूळ शब्दात ‘द’च होता आणि मराठीत ‘धडुते’, ‘धडपा’ या कापडवाचक शब्दांच्या सहवासाने त्याचा ‘ध’ झाला. ‘अंगावर धड धडुतं नाही’ म्हणणाऱ्या भाषेत चिंध्यांच्या पांघरुणाचे नाव त्या अंगाने वळावे, हे अधिक स्वाभाविक वाटते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जतचे ग्रामदैवत गोदड महाराज यांच्या नावात ‘द’ आहे. त्या नावाचा पांघरुणाशी संबंध असेल, तर मराठीतही ‘द’चे रूप एके काळी चालत होते याचा तो एक दुवा ठरेल.

प्राचीन उल्लेख : ठिगळांच्या वस्त्राला संस्कृतात ‘कंथा’ म्हणतात. बंगालची कांथा ही याच शब्दाची वारस मानली जाते. हस्तकलेवरील लेखनात एक विधान वारंवार येते : पाणिनीने कंथेचा उल्लेख केला आहे, म्हणून ही कला अडीच हजार वर्षांची आहे. हे विधान तपासून घेतले पाहिजे. अष्टाध्यायीत, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणग्रंथात, ‘कन्था’ शब्द आहे हे खरे, पण 2.4.20 या सूत्रात तो उशीनर या प्राचीन देशातील नावांच्या संदर्भात येतो आणि 4.2.142 मध्ये पलद, नगर, ग्राम, ह्रद यांच्या पंक्तीत बसतो. नगर, ग्राम आणि डोह यांच्या मांडीला मांडी लावून पांघरूण बसण्याचे कारण नाही. हा वस्तीवाचक शब्द आहे. वासुदेवशरण अग्रवाल यांनी तो मध्य आशियातील नगरवाचक शब्दाशी जोडला आहे. समरकंद या नावातील ‘कंद’ तोच. हे मत ग्राह्य वाटते. तेव्हा पाणिनीला गोधडीच्या इतिहासातून वगळावे लागते.

वस्त्र या अर्थाने कंथा निश्चितपणे भेटते ती वैराग्यपर काव्यात. भर्तृहरीच्या नावावरील वैराग्यशतकात शंभर ठिकाणी फाटलेल्या लंगोटीच्या जोडीला तशीच कंथा आहे, आणि शंकराचार्यांच्या नावावर चालणाऱ्या चर्पटपंजरीत रस्त्यावरच्या चिंध्यांची कंथा आहे. दोन्ही रचनांचा काळ अनिश्चित आहे. पहिल्या सहस्रकाच्या मध्यापासून पुढे, इतकेच सावधपणे म्हणता येते. बौद्ध परंपरेतील पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावरून किंवा स्मशानातून वेचलेल्या चिंध्यांचे चीवर (भिक्षूचे वस्त्र), याहून जुने आहे. मगधातील भातखाचरे दाखवून बुद्धाने आनंदाला तशा बांधणीचे चीवर करायला सांगितले, अशी कथा विनयपिटकाच्या (भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथाच्या) महावग्गात आहे. चौकोन, पट्ट्या आणि मधले बांध अशी ती रचना आजही भिक्षूंच्या वस्त्रात दिसते. महाराष्ट्रातील लेखी पुरावा मात्र नव्या कापडाचा आहे. नाशिकच्या लेण्यातील, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात (इ. स. पहिले-दुसरे शतक) गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे (व्यवसाय-संघाकडे) रक्कम ठेवून तिच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण (तेव्हाची नाणी) चीवरासाठी देण्याची तरतूद आहे. घरोघरच्या चिंध्यांची नोंद शिलालेखात व्हावी अशी अपेक्षाच करता येत नाही.

जुने नमुने टिकत नाहीत, याचे कारण गोधडीच्या स्वभावातच आहे. ती झिजेपर्यंत वापरली जाते आणि झिजली की नव्या गोधडीच्या पोटात जाते. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज प्रवाशाने गुजरातेतील खंबायतच्या सुंदर रजयांचा उल्लेख केला आहे, पण तो व्यापारी माल होता. त्यावरून दख्खनच्या खेड्यातल्या वाकळेबद्दल अनुमान काढू नये. गिरणीचे कापड आणि गिरणीचा दोरा स्वस्त झाल्यावर (मुंबईतील पहिली कापडगिरणी 1854 ची) गोधडीला कापड आणि रंग दोन्ही मुबलक मिळाले असावेत. आज जे रूप आपण पारंपरिक म्हणतो, ते बहुधा या काळानंतरचे आहे.

बांधणी : नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे 8.2 मीटर कापड. त्याच्या चार घड्या घातल्या की सुमारे दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात, म्हणजे माणसाच्या मापाचे पांघरूण. ‘चौघडी’ हा शब्द याच चार घड्यांचा. गोधडीचे माप असे लुगड्यानेच ठरवून दिलेले आहे.

लुगडे थेट गोधडीत जात नसे. बसण्याच्या जागी ते आधी विरते, काठ आणि पदर टिकतात. तेव्हा विरलेला भाग कापून काढून उरलेले दोन तुकडे जोडायचे. याला दांड घालणे म्हणत. दांड घातलेले लुगडे पुन्हा विरले, की ते गोधडीत. गोधडीतही जे बसत नाही, त्याचे पोतेरे. कापडाचा एक धागाही वाया जाऊ न देण्याची ही शिस्त, आणि तिच्यातली बुद्धी अक्षरशः थक्क करणारी आहे.

शिवण्याचा काळ उन्हाळ्याचा : रानातली कामे उरकलेली, पाऊस यायचा आहे. सारवलेल्या अंगणात किंवा ओसरीवर थर पसरतात आणि वाऱ्याने हलू नयेत म्हणून कोपऱ्यांवर वजने ठेवतात. सर्वांत धड कापड बाहेरच्या दोन बाजूंना, फाटके आत. आतले तुकडे लावताना एक गोष्ट कटाक्षाने पाळतात : एका थराची विरलेली जागा दुसऱ्या थराच्या विरलेल्या जागेवर येऊ द्यायची नाही. एखादी म्हातारी बाई थर लावताना कापड उजेडाकडे धरते, तळहात आत घालून कुठे किती विरले ते पाहते, मग तुकडा अर्धी वीत सरकवते. सबंध गोधडीचे आयुष्य त्या अर्ध्या वितीवर ठरते. मग लांब टाक्यांनी थर कच्चे गुंतवतात, लुगड्याचेच काठ कडेने लावतात आणि पक्की शिवण सुरू होते.

ही शिवण कडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन अशी आत सरकत जाते. शिवणारी गोधडीवरच बसते आणि तिच्याबरोबर फिरते. दोन ओळींत बोटभर अंतर असते. प्रत्येक टाका सगळ्या थरांतून गेला पाहिजे. एखादा थर सुटला तर पहिल्याच धुण्यात तो आत गोळा होतो. पातळ थरांच्या मध्ये हवा अडकते, म्हणून अनेक पातळ थरांची गोधडी एकाच जाड कापडापेक्षा अधिक ऊब देते.

शेवटी मध्यभागी जो चौकोन उरतो त्याला पोट म्हणतात. काही भागांत ते शिवून बंद करण्याआधी आत भाकरीचा किंवा पोळीचा तुकडा ठेवतात : गोधडी उपाशी राहू नये, आणि ती पांघरणाराही. याच्याशी जवळचे नाते सांगणारी चाल उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातील सिद्दींच्या कवंदीत आहे. हे आफ्रिकी वंशाचे, कोकणी बोलणारे लोक. त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज गोव्यातील पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटलेले. कवंदीही कडेकडून आत शिवतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांना कापडाची ‘फुले’ लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. सीमेवरच्या कानडी मुलखातली कौदीही याच कुळातली. कोणी कोणाकडून घेतले याचा निर्णय आज करता येत नाही.

तान्ह्या बाळाची गोधडी आजी-पणजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचीच करतात, नव्या कापडाची नाही. घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुण्याची रीत आहे. भिजलेली गोधडी एकट्याने उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरून पीळ घालतात, आणि दिवस मावळेपर्यंत नदीकाठचे खडक रंगीत झालेले असतात.

बाजारातील गोधडी : जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आणि नंतर यंत्रमागाची स्वस्त ब्लँकेटे या दोघांनी मिळून घरातली गोधडी मागे सारली. सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतल्यावर तर कापडच उरले नाही. तो धागा घाम शोषत नाही आणि थर एकमेकांवरून घसरतात. साधारण याच काळात गोधडी शहरातल्या हस्तकलेच्या बाजारात विक्रीला येऊ लागली. पुण्यातील भीमथडी जत्रा आणि मुंबईतील महालक्ष्मी सरस प्रदर्शन येथे बचत गटांच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या, बाळाची दुपटी, गोधडीच्या टाक्याच्या पिशव्या आणि जाकिटे मिळतात. टाकाऊ वस्तूचे मोल वाढवून पुन्हा वापरण्याला हल्ली ‘अपसायकलिंग’ म्हणतात. हा शब्द 1994 च्या सुमारास युरोपात प्रचारात आला. दांड घालणाऱ्या बायकांना त्याची गरज पडली नव्हती.

या बाजारात तीन प्रकारचा माल शेजारी-शेजारी मांडलेला असतो : वापरलेल्या साड्यांची हातशिवण, शिंप्याकडच्या किंवा कारखान्यातल्या नव्या कातरणांची हातशिवण, आणि यंत्रावर शिवलेली, ठिगळांचा नुसता भास देणारी चादर. तिन्हींना गोधडी म्हणूनच विकतात. पहिल्या दोन्ही प्रकारांना त्या नावावर हक्क आहे, तिसऱ्याला नाही. ओळखायचे असेल तर गोधडी उलटी करावी. धावदोऱ्यात वर टाका असेल तिथे खाली रिकामी जागा असते आणि अंतरे थोडी कमी-जास्त भरतात; यंत्राची शिवण दोन्ही बाजूंना सलग आणि सारखी धावते. हातशिवणीने कापड किंचित आखडते, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक चुण्यांच्या लाटा येतात. मग कापड दोन बोटांत धरून थर एकमेकांवर सरकतात का ते पाहावे. वापरलेले सुती कापड लगेच कळते. ते हाताला गार लागते आणि त्यात खळीचा कडकपणा नसतो.

किमतीवरून घासाघीस करण्याआधी ओळी मोजून पाहाव्यात. हिशेबासाठी शिवण सरळ ओळींत धरली, तर सव्वा मीटर रुंदीच्या गोधडीत बोटभर अंतराने पाऊणशेच्या आसपास ओळी बसतात, प्रत्येक ओळ सुमारे दोन मीटरची. म्हणजे एका गोधडीत दीडशे मीटर हातशिवण होते. काही गट गिऱ्हाइकाने आणलेल्या साड्यांची गोधडी शिवून देतात. घरातल्या, आता हयात नसलेल्या माणसाची लुगडी ज्यांनी ट्रंकेत जपून ठेवली आहेत, त्यांच्यासाठी हा मार्ग सर्वांत चांगला. साड्या देण्याआधी त्या धुऊन, उन्हात वाळवून द्याव्यात, आणि कोणता काठ वर दिसायला हवा ते शिवणारीला आधीच सांगावे; एकदा थर लागले की तो बदलता येत नाही.