चरित्र अभिनेता

चरित्र अभिनेता : नायक-नायिकेच्या ठरीव भूमिकांऐवजी विशिष्ट वय, स्वभाव, व्यवसाय वा बोली यांचा ठसा असलेल्या व्यक्तिरेखा प्रामुख्याने साकारणारा रंगभूमीवरील किंवा चित्रपटांतील नट.

ही संज्ञा मराठीत काहीशी फसवी आहे. मराठीत ‘चरित्र’ म्हणजे जीवनकथा, तर ‘चरित्रनायक’ म्हणजे ती जिच्यावर लिहिली गेली ती व्यक्ती. त्यामुळे ऐतिहासिक पुरुषांच्या भूमिका करणारा नट असा समज सहज होऊ शकतो. ही जोडणी हिंदीतून आली असावी, कारण नाटक-कादंबरीतील पात्र या अर्थाने ‘चरित्र’ हा शब्द हिंदीत रूढ आहे आणि ‘कॅरेक्टर ॲक्टर’चे ते सरळ भाषांतर ठरते. संस्कृतातील ‘वर्तन, शील’ या अर्थाशीही तिचा संबंध जोडता येतो. परंतु मराठीत त्या अर्थासाठी ‘चारित्र्य’ हा वेगळा शब्द आहे, हे पाहता पहिली उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. ‘सहायक अभिनेता’ हा पर्याय काटेकोरपणे समानार्थी नव्हे. तो भूमिकेचे कथानकातील स्थान सांगतो, अभिनयाची जात नव्हे. पुरस्कारांनी मात्र हेच नाव रुळवले : अमेरिकेतील अकादमी पुरस्कारांत १९३६ च्या, फिल्मफेअरमध्ये १९५४ च्या, तर भारताच्या राष्ट्रीय पुरस्कारांत १९८४ च्या चित्रपटांपासून सहायक भूमिकांचा स्वतंत्र विभाग आहे.

कल्पना संज्ञेहून बरीच जुनी आहे. सामान्यतः इ.स.पू. २०० ते इ.स. २०० या दरम्यानच्या मानल्या जाणाऱ्या, पण काही भाग नंतरचा असण्याचा संभव असलेल्या नाट्यशास्त्र या भरताच्या नावे असलेल्या संस्कृत ग्रंथात विदूषक, विट (चतुर, रसिक सोबती), शकार (राजाचा उर्मट मेहुणा), चेट (सेवक) अशी पात्रे वर्णिली आहेत. येथे त्याहून महत्त्वाचा आहे तो प्रकृतींचा, म्हणजे नट आणि पात्र यांच्या मेळाच्या प्रकारांचा, विचार (आवृत्त्यांनुसार अध्यायक्रमांक बदलतो). नट आणि पात्र यांचे वय व लिंग जुळले तर ‘अनुरूपा’, बालकाने वृद्धाची किंवा वृद्धाने बालकाची भूमिका केली तर ‘विरूपा’, आणि पुरुषाने स्त्रीभूमिका केली तर ‘रूपानुरूपा’. तरुणपणीच म्हाताऱ्यांची कामे अंगावर घेणाऱ्या चरित्र अभिनेत्याची मूळ समस्या ‘विरूपा’त नेमकी पकडलेली दिसते. यूरोपात सोळाव्या शतकापासून फिरत्या मंडळ्यांतील कोम्मेदिआ देल्लार्ते या इटालियन उत्स्फूर्त सुखात्मिकेचे नट एकच ठरलेले पात्र वर्षानुवर्षे करीत. मराठीत विष्णुदास भावे यांच्या सीतास्वयंवरानंतर (१८४३) पौराणिक नाटकांत राक्षसाची कामे करणारे आणि स्त्रीपार्टी नट वेगळे ओळखले जाऊ लागले. तमाशातील सोंगाड्या व मावशी ही त्याचीच लोकनाट्यातील भावंडे म्हणता येतील.

रंगमंचावर वय उभे राहते ते आवाजाची फेक, उठण्या-बसण्याची लय आणि आहार्य (वेशभूषा व रंगभूषा) यांवर. प्रेक्षक दूर असल्याने रंगभूषेला बरीच मुभा असते. कॅमेऱ्याच्या निकट दृश्यात तीच रंगभूषा उघडी पडते, शिवाय चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनी व क्रम सोडून होत असल्याने पात्राचे वय नटाला प्रत्येक वेळी नव्याने धरावे लागते. केशवराव दाते यांनी महाराष्ट्र नाटक मंडळी व नाट्यमन्वंतर (१९३३) या नाट्यसंस्थांतील अनुभवानंतर कुंकू या चित्रपटातील (१९३७) वृद्ध काकासाहेब साकारले, तेव्हा हे स्थित्यंतर यशस्वीपणे साधलेले दिसते. श्रीराम लागू यांनी नटसम्राटमधील (१९७०) वृद्ध नट वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी रंगभूमीवर उभा केला.

दीर्घ कारकीर्द हे या वर्गाचे ठळक लक्षण होय. नायकपद वयाबरोबर निसटते. बाप, सासू, वकील, सावकार यांना ती अडचण नसते, आणि कामाचे दिवस थोडे असल्याने एका वेळी अनेक चित्रपट स्वीकारता येतात. इप्टा (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) या नाट्यसंघटनेच्या रंगभूमीवरून आलेले ए. के. हंगल पन्नाशीच्या सुमारास चित्रपटांत आले आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ काम करीत राहिले. मूकपटांच्या काळात सुरुवात केलेल्या ललिता पवार १९४२ मध्ये चित्रीकरणात झालेल्या डोळ्याच्या दुखापतीनंतर चरित्र भूमिकांकडे वळल्या. दूरदर्शनवरील रामायणातील मंथरा ही त्यांची उत्तरकालीन भूमिका. निळू फुले यांची चित्रपटांतील ओळख प्रामुख्याने खलनायकी पाटील-पुढाऱ्यांची असली, तरी रंगभूमीवर सखाराम बाइंडरची (१९७२) शीर्षकभूमिका त्यांचीच होती. मुख्य भूमिका आणि चरित्र अभिनय परस्परविरोधी नाहीत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.